बांधावरचा शेरेकर

प्रत्येक वर्गात एक शेरेकर असतो. खरं आडनाव जोशी, जाधव, कांबळे, शेख, काहीही असेल. आमच्याकडच्याचं मी सांगत नाही, कारण तो अजून शाळेत आहे आणि हे वाचून तो जे बोलेल ते मला उरलेली नोकरीभर ऐकावं लागेल.

शेरेकर मागून दुसऱ्या बाकावर बसतो. शेवटचा बाक दंगेखोरांचा, आणि दंगा करायला कष्ट पडतात. ते त्याला मान्य नाही. तो आवाज कधी चढवत नाही. शेरा असा बेतानं सोडतो की आजूबाजूच्या तिघांनाच ऐकू जावा, त्या तिघांच्या हलणाऱ्या खांद्यांवरून पुढच्या सहांना कळावा, आणि फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या शिक्षकाला एवढंच समजावं की आपल्या पाठीमागे आपलं काहीतरी झालेलं आहे. वय चौदा, इयत्ता नववी. मिशी आहे की नाही याबद्दल वर्गात दोन मतं आहेत.

त्याच्याविरुद्ध तक्रार टिकत नाही. त्याचं कुठलंही वाक्य कागदावर लिहून काढलं की ते सभ्यच दिसतं. एकदा मी फळ्यावर हातानं महाराष्ट्राचा नकाशा काढला. शेरेकर म्हणाला, "सर, गोवाही घेतलात ते बरं केलंत." आता यात उद्धट काय आहे? मुख्याध्यापकांनी पंधरा ऑगस्टला भर उन्हात पाऊण तास भाषण केलं तेव्हा हा मित्राला सांगत होता, "सर थोडक्यात छान बोलले." विज्ञान प्रदर्शनात त्याच्या गटाचा ज्वालामुखी पेटलाच नाही. परीक्षकांना यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "सुप्त आहे. भूगोलात असतो." परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, कारण भूगोल मी शिकवतो.

हे येतं कुठून, असं बाहेरगावचे पालक विचारतात. अहो, ज्या शहरात दुकानाची वेळ सांगतानासुद्धा गिऱ्हाइकाचा थोडा पाणउतारा करायची पद्धत आहे, तिथल्या पोरानं गोड कशासाठी बोलावं? स्टाफरूममध्ये त्याचे शेरे आम्ही एकमेकांना सांगतो आणि मग त्याला शिस्त कशी लावायची यावर चर्चा करतो. ज्याच्यावर शेरा पडला असेल तो शिस्तीच्या बाजूनं बोलतो, एवढंच.

माझं स्वतःचं मत असं की शेरेकराच्या जिभेत काही दोष नाही. दोष हा की जीभ चालवली म्हणजे आपल्या वाटणीचं काम झालं, असं तो धरून चालतो. त्या ज्वालामुखीच्या प्रकल्पात बाकीच्या पाच जणांनी माती कालवली, रंग आणला, तक्ते लिहिले. शेरेकरानं समीक्षा केली.

अशा मुलांसाठीच म्हणून जुलैत नववीची सहल मुळशीला काढायचं ठरलं. नाव होतं 'संघभावना शिबिर'. एक मुक्काम, पहिल्या दिवशी शिबिराच्या आवारात खेळ, दुसऱ्या दिवशी सकाळी भातलावणीचा अनुभव. परिपत्रक निघालं. खाली पालकांची सही. शेरेकरानं ते परत देताना विचारलं, "पालकांची संमती आहे. माझी कुठं घ्यायची ती जागा दिसली नाही." दुसरी शंका सोबतच्या साहित्याच्या यादीबद्दल होती. तिथं 'छत्री (ऐच्छिक)' असं छापलं होतं. मी त्याच आठवड्यात वर्गाला सांगितलं होतं की पुण्यात वर्षभरात साधारण सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जुलै २०२४ मध्ये मुळशीतल्या ताम्हिणीला एकाच दिवसात साडेपाचशेच्या वर पडला. शेरेकराला भूगोल उत्तम येतो. अडचण तीच आहे.

बस पहाटे निघाली आणि चांदणी चौक ओलांडून भूगावला अडकली. पौड रस्त्यावरून गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पुढं ट्रक, मागं ट्रक, मध्ये लग्नाच्या कार्यालयात घुसू पाहणारी सजवलेली गाडी. पोरं गाणी म्हणत होती. एकानं 'मुळशी पॅटर्न' पाहिल्याची फुशारकी मारली आणि गुंठामंत्र्यांची नक्कल केली. लावणीच्या कार्यक्रमावरून अख्ख्या बसनं जो विनोद करायचा तो केला. शेरेकरानं तो केला नाही. फार सोपा होता. तो खिडकीतून बाहेर बघत होता. कुणीतरी "काय रे, मजा येत नाही का?" असं विचारल्यावर म्हणाला, "माझे बाबा रोज मुळशी तालुक्यात येतात. हिंजवडी मुळशीतच आहे. त्यांना कोणी सहल म्हणत नाही, आणि घरी आले की त्यांच्यात संघभावना अजिबात शिल्लक नसते."

धरणापाशी बस थांबवली. पाऊस तिरका, समोर राखाडी पाणी, पलीकडचे डोंगर ढगात गेलेले. मी माझं काम केलं. ही मुळा. मूळची पूर्वेकडं, आपल्या पुण्याकडं निघालेली नदी. टाटांच्या वीज कंपनीनं इथं धरण घातलं आणि पाणी उलटं, पश्चिमेला, सह्याद्रीच्या पलीकडं सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. १९२७ साली ते चालू झालं. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना.

"म्हणजे नदीलासुद्धा नोकरीसाठी मुंबईला जावं लागलं," मागून आवाज आला.

मी ते पुढच्या तुकडीला माझं म्हणून सांगितलं आहे.

मग इतिहासाच्या बाई पुढं झाल्या. बाई मुळशी सत्याग्रहावर बोलायला लागल्या की पाऊससुद्धा ऐकतो असं आमच्याकडं म्हणतात. त्यांनी १६ एप्रिल १९२१ ची रामनवमी उभी केली. घरंदारं, शेतं, देवळं पाण्याखाली जाणार म्हणून कामावर जाऊन बसलेले मावळे, त्यात बायाही. 'जान किंवा जमीन' ही घोषणा. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, एडिंबरोला शिकलेले, बॉम्बची विद्या युरोपातून आणलेले, ते या लढ्यात पडले आणि सेनापती झाले. शेवटी बांधकामाची रेल्वे अडवली म्हणून सात वर्षांची सजा भोगली. पोरं गप्प झाली. बाईंनी समारोपाला मुद्दा आजच्या विषयावर आणला: तर मुलांनो, एकजूट कशाला म्हणतात ते या खोऱ्यानं दाखवलं.

शेरेकरानं हात वर केला. तो हात वर करतो तेव्हा शिक्षकाच्या पोटात गोळा येतो, कारण एरवी त्याला परवानगीची गरज लागत नाही.

"बाई, सगळे एकत्र होते तर धरण झालं कसं?"

बाई प्रामाणिक. त्यांनी सांगून टाकलं की सगळे एकत्र राहिले नाहीत. बऱ्याच जमिनी कर्जापोटी पुण्यातल्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. सावकारांना जमिनीपेक्षा नुकसानभरपाई बरी वाटली. पैसा आला तशी फळी फुटली.

"म्हणजे पुणेकरांमुळे," शेरेकर म्हणाला.

सगळे पुणेकर होते. कुणीच काही बोललं नाही. बाईंनी बसमध्ये बसायला सांगितलं.

शिबिराच्या जागी एक दादा होता. चांगला मुलगा, मूळचा सांगलीकडचा, पण शिटी गळ्यात पडली की प्रत्येक वाक्यात 'गाईज' यायचं. आधी त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. उडत्या बगळ्यांची रांग, मुंग्या, होडीतले वल्हेकरी, आणि मग मुंबईचे डबेवाले. पांढरी टोपी, डोक्यावर लांबलचक फळी, २००३ साली चर्चगेटला युवराज चार्ल्स त्यांना भेटायला आले तो प्रसंग. दादानं विचारलं, हे लोक मूळचे कुठले असतील, गाईज? उत्तर त्यानंच दिलं: मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, म्हणजे आपण बसलोय त्याच पट्ट्यातले.

"ज्यांच्याकडून शिकायचं ते मुंबईत," शेरेकर शेजाऱ्याला म्हणाला, "आणि शिकायला आपण त्यांच्या रिकाम्या घरी."

गट पडले. शेरेकराच्या गटाची कप्तान ही वर्गातली अशी मुलगी होती जिला नाटकात कायम जिजाऊंचं काम मिळतं. तिनं गटाकडं पाहिलं, शेरेकर दिसला, आणि तिनं डोळे मिटले.

पहिला खेळ पाठमोरं पडण्याचा. एकानं ओट्यावर उभं राहायचं, मागं न बघता सरळ पडायचं, खालच्यांनी झेलायचं. म्हणे यातून विश्वास वाढतो. शेरेकराची पाळी आली. तो ओट्यावर चढला, छातीवर हात घेतले आणि थांबला.

"दादा, यांना मी ओळखतो. पण खरी अडचण म्हणजे हे मला ओळखतात."

"पड रे," खालून कप्तान ओरडली. "सोडणार नाही. सोडावंसं फार वाटतंय, पण सोडणार नाही."

तो पडला. त्यांनी झेलला. एकाचा गुडघा त्याच्या बरगडीला लागला तो चुकून लागला, असं सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं. संघभावनेचं त्या दिवसातलं पहिलं दर्शन ते.

दुसरा खेळ पाइपांचा. प्लॅस्टिकच्या पाइपाची उभी चिरलेली एकेक फाक प्रत्येकाच्या हातात. एका टोकाला गोटी सोडायची, ती फाकेवरून फाकेवर नेत पटांगणाच्या दुसऱ्या टोकाच्या बादलीत पाडायची. ज्याच्याकडून गोटी पुढं गेली त्यानं पळत रांगेच्या शेवटाला जाऊन उभं राहायचं. शेरेकर एका हातानं फाक धरून उभा होता. दुसरा हात खिशात. गोटी येई, याच्या फाकेत थोडी विश्रांती घेई आणि चिखलात पडे. दरवेळी त्याच्याकडं तयार शेरा होता. "टाटांनी नदी नेली, आपल्याला गोटी जमेना." "घाटमाथा आला की असं होतं." "पुनर्वसन झालं तिचं, जाऊ द्या." रांगेतले निम्मे हसत होते आणि हसणाऱ्याचा पाइप हलतो. बाकीचे तीन गट संपवून चहाला गेले. याच्या गटाची गोटी सात वेळा परत पहिल्यापासून आली, आणि आठव्या वेळी शेरेकर "हिला आता रस्ता पाठ झाला असेल" असं म्हणाला तेव्हा कुणी हसलं नाही. शेरेकराला ते लगेच कळलं. विनोद पडला की त्याचा आवाज त्याला दुसऱ्या कुणाहीपेक्षा आधी ऐकू येतो.

रात्री दादानं सगळ्यांना गोल बसवून 'आज काय वाटलं' ते विचारलं. ते मी गाळतो. चौदा वर्षांच्या मुलाला काय वाटलं ते चारचौघांत विचारणं हा प्रकार माझ्या मते बंद झाला पाहिजे.

सकाळी सातला आम्ही खाचरावर. रात्रभर कोसळून पाऊस आता एका लयीत पडत होता. चिखलणी झालेली, पाणी घोट्याच्या वर. दाढेतून उपटलेल्या रोपांच्या मुठी जागोजाग टाकून ठेवलेल्या. बारा-पंधरा बायका, चार गडी, डोक्यावरून प्लॅस्टिकचे कागद घेतलेले. एका आजींच्या पाठीवर मात्र जुनं इरलं. आजी वाकलेल्याच होत्या. वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी आम्हा सगळ्यांची तपासणी केली.

मुळशी म्हणजे आंबेमोहर, असं मी पोरांना मोठ्या हौसेनं सांगत होतो. मालक मध्येच म्हणाले, "सर, ही इंद्रायणी हाय. आंबेमोहर लावतो एका तुकड्यात, घरच्यापुरता. उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो, आन् पिकतो थोडा." मग मी गाडी वळवली. इंद्रायणीही परकी नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर करून काढलेला वाण, १९८७ सालचा. आईचा वास आणि बापाची उंची. पोरं चिखलात उतरत होती, ऐकत कुणी नव्हतं.

शेरेकर बांधावर उभा. अंगात पिवळा रेनकोट, हात लांब सोडलेले.

"ह्ये बुजगावणं कुणी आणलं गं?" आजी म्हणाल्या. "आपलं तर आजून कणीस बी आलं न्हाय."

अख्खं खाचर हसलं. शेरेकराचे कान लाल झाले. पण घराण्याची विद्या होती. तो म्हणाला, "आजी, मी निरीक्षण करतोय."

"कर की. तलाठी बी त्येच करतो. त्याला पगार हाय पण."

इतक्या वर्षांत मी शेरेकराला निरुत्तर झालेला पाहिला नव्हता. तो उतरला. दुसऱ्याच पावलाला उजवा बूट चिखलात राहिला आणि पाय वर आला. तो एका पायावर उभा राहून बूट शोधायला लागला.

"ऱ्हाऊ दे तिथंच," आजी. "उगवला तर जोडी करून देईन."

बूट बांधावर फेकून तो रांगेत लागला. जागा नेमकी आजींच्या शेजारची मिळाली. डाव्या हाताला आजी, उजव्या हाताला कप्तान. त्यानं मुठीतली रोपं काढली आणि ऐटीत लावली. लावली ती लगेच वर येऊन तरंगायला लागली.

"तुजं रोप पवायला लागलंय. त्ये बी सहलीलाच आलंय व्हय?"

"त्याला इथलं पाणी आवडलं नाही, आजी."

"पानी आवडलंय. हात आवडला न्हाय. दोन बोटं खोल लाव. वरच्यावर लावलं की तरंगतंयच, रोप आसू दे न्हाय तर मानूस."

आता दोरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. पूर्वी लावणी अंदाजानं व्हायची. डॉ. नारायण सावंत यांनी भातासाठी चारसूत्री पद्धत मांडली, तिच्यातलं एक सूत्र नेमक्या अंतराचं. खाचराच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत नायलॉनची दोरी ताणायची. तिच्यावर खुणा असतात, पंधरा सेंटिमीटर, मग पंचवीस, पुन्हा पंधरा, पुन्हा पंचवीस. खुणेपाशी दोन-तीन रोपांचा एकेक चूड. सगळ्यांनी आपापल्या पुढ्यातल्या खुणा भरायच्या, की दोन टोकांचे दोघे दोरी उचलून मागं घेतात आणि सगळी रांग एक पाऊल मागं सरकते. चार चुडांच्या मध्ये नंतर खताची एक गोळी खोचतात, म्हणून अंतर चुकवून चालत नाही. यात शिटी नाही, गुण नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही. फक्त सगळ्यांचं होईपर्यंत दोरी उचलली जात नाही.

पहिल्या ओळीला सगळ्यांचं झालं. शेरेकराच्या सहा खुणा बाकी. चाळीस-पन्नास माणसं कमरेत वाकून एकाच मुलाच्या हाताकडं बघायला लागली. पाऊस पडतोय, कुणी काही बोलत नाही.

"थांबा गं," आजी म्हणाल्या. "सायबांचं चाललंय."

त्यानं कशीबशी ओळ पुरी केली. दोरी उचलली. दुसऱ्या ओळीला चार खुणा बाकी. तिसऱ्याला तीन. पोरगा घामाघूम, पावसात. आणि पूर्ण गप्प. शेरेकर गप्प आहे याचा मला आनंद व्हायला हवा होता, पण तो तसा बघवत नव्हता. वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभं राहावं आणि वाघानं शिंक द्यावी, असं काहीतरी झालं.

शेवटी आजींनीच विचारलं, "आता का रं तोंड मिटलं? बोल की कायतरी. गप मानसाचा हात जड व्हतो."

तेव्हा त्यानं मान वळवून रांगेकडं बघितलं. मला वाटतं, त्या रांगेत काय चाललंय ते त्याच्या लक्षात तेव्हा आलं. तिथं सगळेच शेरेकर होते. एक बाई दुसरीच्या नवऱ्याच्या मोटारसायकलीवरून बोलत होती, दुसरी तिसरीच्या सुनेच्या स्वयंपाकावरून. मालक चहाची किटली घेऊन आले तर, "ह्यो मागच्या लावणीचा चहा का?" अशी चौकशी झाली. दोरी धरणाऱ्या गड्याला, "जरा ताण की, कापडं वाळत घातल्यात का?" असं ऐकवलं गेलं. कुणी कुणाला सोडत नव्हतं. आणि या सगळ्यात चुडावर चूड पडत होते, एकाही हाताला खंड नव्हता.

शेरेकरानं एक चूड लावला आणि म्हणाला, "आमचे सर बघा. वीस वर्षं भात शिकवतायत. आज पहिल्यांदा भेट झाली."

रांग खळाळली. माझ्या पुढ्यातल्या आठ खुणा खरोखरच बाकी होत्या.

"अजून सांग," पलीकडून एक काकू म्हणाली. आणि मग त्यानं दादाला घेतलं, जो मोबाइलवर आमचं चित्रीकरण करत बांधावरून फिरत होता ("दादा, गाईज इकडं आहेत, म्हशी तिकडं"), मुख्याध्यापकांना गैरहजेरीत घेतलं, आणि आजींना घ्यायला गेला.

"आजी, तुम्ही कधीपासून हे करताय?"

"लगीन झाल्यापासनं. तवा वाकले ती सरळ व्हायला टाइमच न्हाय घावला."

"मग आज सरळ व्हा ना थोडं."

"तू हाईस ना शेजारी. सरळ झाले आन् तुजं काम दिसलं तर पुन्हा वाकायची इच्छा व्हायची न्हाय."

कधी तरी त्याच्या खुणा वेळेत भरायला लागल्या. कितव्या ओळीला ते मी मोजलं नाही, कारण मी माझ्या आठ खुणांमध्ये होतो. पण एक गोष्ट दिसली. कप्तान मागं पडत होती. जिजाऊंच्या कामाला लागतो तो ताठ कणा इथं उपयोगाचा नव्हता. दोरी थांबली, आणि कुणी "थांबा गं" म्हणायच्या आत शेरेकरानं उजवीकडं हात लांबवून तिच्या पुढ्यातल्या दोन खुणा भरल्या. तिनं पाहिलं. मी पाहिलं. आपल्याला पाहिलंय हे त्यानं पाहिलं.

"गैरसमज नको," तो तिला म्हणाला. "जेवण अकराला आहे असं कळलंय."

जेवण खरोखर अकराला आलं. भाकरी, पिठलं, सुकटीची चटणी, ज्यांना ती चालत नाही त्यांना ठेचा, वर गरम भात. सगळे बांधावर ओळीनं बसले. पोरांना कळलं की यातल्या कुणाला आजची मजुरी नाही. सावड आहे. आज या खाचरात, उद्या त्या काकूंच्या, परवा आजींच्या. जेवण ज्याचं रान त्याचं. रोजावर माणसं मिळेनाशी झालीत, तरणी पोरं पिरंगुटच्या कारखान्यांत नाही तर हिंजवडीत रखवालीला, त्यामुळं लावणी आटपायची तर असंच. दादा पुढं सरसावला. हेच तर टीमवर्क, असं काहीतरी तो म्हणणार होता. पण त्याच्या तोंडात भाकरी होती आणि तेवढ्यात शेरेकरानं विचारलं, "आणि जो दुसऱ्याच्या रानात येतच नाही त्याचं काय?"

"त्याच्या रानात पाऊस येतो," मालक म्हणाले. "मानसं येत न्हाईत."

शेरेकरानं यावर शेरा मारला नाही. त्यानं भात मागितला.

निघताना बूट धुऊन झाला, आजींचा निरोप घेऊन झाला. ("पुढच्या वर्षी ये." "येतो की." "आन् त्यो सर नगं आणू.") दादानं शेवटी सगळ्यांना 'या शिबिरातून काय शिकलो' ते एका वाक्यात सांगायला लावलं. एकी, सहकार्य, निसर्ग, बळीराजा, पुन्हा एकी. शेरेकर म्हणाला, "आजींच्या शेजारी उभं राहायचं नाही." दादानं ते विनोद म्हणून घेतलं. कप्तान हसली नाही. तिनं मान डोलावली.

परतीला बस पुन्हा भूगावला अडकली. या वेळी एका पांढऱ्या भल्या मोठ्या गाडीनं रांग मोडून मध्ये तोंड घातलं होतं, समोरून टेंपो येऊन तिच्या नाकाला नाक लावून उभा, आणि दोघांच्या मागं दोन्हीकडं शंभरेक गाड्या. दोघेही मागं घ्यायला तयार नाहीत. आमचा क्लीनर उतरला. त्याच्या मागोमाग शेरेकर उतरला. मी "अरे" म्हणेपर्यंत त्याच्या मागं कप्तान, तिच्या मागं गटातले आणखी चौघं, सगळे गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, जाऊ द्या हो, एकजूट आहे.

खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. दोघं मागच्या दुचाक्यांना सरकवत होते, दोघं टेंपोच्या मागं जागा करत होते, कप्तान हात वर करून पलीकडची रांग धरून ठेवत होती, आणि शेरेकर पांढऱ्या गाडीची काच ठोकत होता. काच खाली झाली.

"काका, गाडी इथं लावायची आहे का?"

"काय?"

"नाही, लावायची असेल तर दोन बोटं खोल लावा. वरच्यावर लावली की तरंगते."

काका भडकले. पण बोलता बोलता शेरेकराचा हात "या, या, अजून या, डावीकडं घ्या" असा चालूच होता, मागून पोरं हाका देत होती, आणि काकांनी भांडता भांडता गाडी मागं घेतली. टेंपो निघाला. रांग हलली. आमच्या बसमध्ये टाळ्या पडल्या.

जाता जाता काकांनी काच पुन्हा खाली केली आणि दरडावून विचारलं, "कुठल्या शाळेचा रे तू?"

शेरेकरानं मागं वळून बसकडं, गटाकडं आणि कप्तानकडं पाहिलं. मग अतिशय नम्रपणे, शब्द स्पष्ट उच्चारून, त्यानं आमच्या शेजारच्या शाळेचं नाव सांगितलं.